विसावर एक

मंगळवारी सकाळी साडेसातला ग्लेंडा पॅस्को दोन नंबरच्या थिएटरात मॉप मोजत होती. मॉप म्हणजे पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे जाड कापडी चौकोन. कोपऱ्याला निळी फीत, विणीत एक्स-रेला दिसणारा बारीक धागा. पाच-पाचाचे चार गठ्ठे, एकूण वीस. तिने भिंतीवरच्या फळ्यावर वीस लिहिले, सवयीने पुन्हा एकदा मोजले आणि खिडकीतला कॉफीचा कप उचलला. बाहेर ऑगस्टमधला पश्चिमेचा वारा सुटला होता. हा वारा एकदा लागला की ऑस्ट्रेलियातल्या या न्यूकॅसलमध्ये आठवडाभर दारं आपटत राहतात, माणसांना धड झोप लागत नाही आणि कारण नसताना ती एकमेकांवर खेकसतात. कोळसा भरायला आलेली जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी होती. वाऱ्याने त्या सगळ्यांची तोंडं जमिनीकडे वळली होती.

थिएटर खरं होतं, पण तिथे आता खरा पेशंट येत नसे. मरिनर्स हॉस्पिटल बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. वरच्या मजल्यांवर समुद्र दिसणारे फ्लॅट झाले आणि दुसरा मजला सर्जन आणि नर्सांच्या सरावासाठी राहिला. टेबल तेच, छतावरचे गोल दिवे तेच. टेबलावर असायचा क्लाइव्ह, रबराच्या कातडीचा पुतळा. त्याची छाती वर-खाली व्हायची, पापण्या मिटायच्या, पोटात पंपाने लाल पाणी चढायचं. प्रत्येक सरावानंतर डार्को नौमोव्स्की त्याचं फाडलेलं पोट काढून फेकायचा आणि कारखान्यातून सीलबंद आलेलं नवं बसवायचा. डार्को आधी एक्स-रे विभागात होता, आता इथली सगळी यंत्रं तोच सांभाळायचा.

"काय रे क्लाइव्ह," पोटाच्या कडा दाबत तो म्हणाला, "आज कुणाच्या हातून मरणार?"

"तो मरत नाही," ग्लेंडा म्हणाली. "मोजणी चुकली की दुसरंच कुणीतरी मरतं."

"सकाळी सकाळी किती गोड बोलतेस गं तू!"

सराव असा असे. अपघातातला माणूस, पोटात रक्त, हातात पंचवीस मिनिटं. वेगवेगळ्या इस्पितळांतून आलेल्या डॉक्टर-नर्सांनी रक्त थांबवायचं. ते थांबलं की रॉस कीनन आत येई. रॉस त्या भागातला नावाजलेला सर्जन. साठी उलटलेली, हात अजून दगडासारखे स्थिर. सरावात तो तापट वरिष्ठाचं काम करी. ग्लेंडाने आधीच एक मॉप लपवलेला असे. नर्स म्हणे, मोजणी जुळत नाही. रॉस ओरडे, "तुझ्या मोजणीसाठी मी माणूस टेबलावर सडवू का? बंद करा!" आणि त्या क्षणी त्या मुलीने, किंवा मुलाने, त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायचं. सगळा सराव त्या एका शब्दासाठी होता. तो सुरू झाल्यापासून सात वर्षांत आसपासच्या नऊ इस्पितळांमध्ये एकाही पेशंटच्या पोटात काही राहिलं नव्हतं. ग्लेंडाला त्याबद्दल शाल-श्रीफळ म्हणावं तशी एक काचेची पाटी मिळाली होती. ती तिने कपाटात उलटी घालून ठेवली होती.

रॉसची वाक्यं ग्लेंडानेच लिहून दिली होती. पहिल्यांदा वाचून तो हसला होता. "असा सर्जन असतो का कुठे?"

त्या मंगळवारी तिने मॉप लपवला नव्हता. नवखी तुकडी होती, पहिल्या दिवशी साधी मोजणी पुरे, असं ठरलं होतं. शेवटी नर्सने वापरलेले मॉप पाच-पाचाने मांडले आणि पुन्हा एकदा मोजले.

"एकवीस," ती म्हणाली.

खोलीत हशा पिकला. रॉससुद्धा हसला. "कमी पडलेले पाहिले होते. क्लाइव्हने पिल्लू घातलं वाटतं!"

ग्लेंडाने वाकून पाहिलं. विसांची फीत निळी होती. एकविसाव्याची हिरवी.

तिने तो चिमट्याने उचलला, पिशवीत घातला, आणि कुणी बघत नाही असं पाहून फितीचं टोक बोटांनी चाचपलं. टोक साधं होतं. मग तिने पिशवीचं तोंड बांधलं.

"हिरव्या फितीचे तर कधीच बंद झाले," डार्को म्हणाला. "कुणी आणला असेल गं?"

"जुन्या कपाटात राहिला असेल एखादा."

"पण पोट मी आत्ता सील फोडून बसवलंय."

ग्लेंडाने पिशवी खणात टाकली. तिने विषय बदलला.

गुरुवारी क्लाइव्हच्या यकृताखाली चिमटा सापडला. रक्तवाहिनी धरायचा, बोटाएवढा, काळपट पडलेला. त्याच्या दांड्यावर ४४७ कोरलं होतं. यादीत असा चिमटा नव्हता. त्या दिवशी शिकवायला डॉक्टर मेले फोनुआ होती. मेले तिशीतली सर्जन, मोठ्या इस्पितळात नोकरी करून आठवड्यातून दोनदा इथे यायची. टोंगा बेटांवरून आलेल्या घरात वाढल्यामुळे आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिला जमत नसे. सगळे 'ग्लेंडा' म्हणत, ती 'आंटी' म्हणे.

"आंटी, तुमची नवीन चाल का ही? काहीतरी जास्तीचं टाकून ठेवायचं?"

"हो," ग्लेंडा म्हणाली. "बघू म्हटलं, लक्ष आहे का."

खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मेलेने तिला गॅलरीत बोलावलं. वाऱ्याने मेलेच्या हातातला सॉसेज रोलचा कागद फडफडत होता. ती नेहमी गडगडाटी हसणारी मुलगी, त्या दिवशी आवाज खाली आणून बोलत होती.

"माझ्याकडे एक म्हातारा पेशंट आहे. गोदीत क्रेन चालवायचा. तीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा चिमटा पोटात राहिलाय. जुलैत फोटो काढला तेव्हा कळलं. काढायचा म्हणून परवा भरती केलं, सकाळी पुन्हा फोटो काढला. आंटी, चिमटा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. कापलेलं नाही, शौचावाटे गेलेला नाही, एवढी मोठी वस्तू जाईल कशी? म्हातारा आम्हालाच वेड्यात काढतोय. म्हणे, आधी म्हणालात आहे, आता म्हणता नाही, तुमचं एक काय ते ठरवा." तिने फोन पुढे केला. "हा जुलैचा फोटो. मोठा करून बघा. दांड्यावर."

करड्या आतड्यांच्या ढगात पांढराशुभ्र चिमटा होता. दांडा थोडा वाकलेला. आकडे पुसट होते, पण वाचता येत होते.

ग्लेंडाने आत जाऊन चिमटा ठेवलेला खण उघडला नाही. तिला गरज नव्हती. गुरुवारपासून तिने तो चिमटा इतक्यांदा हातात घेतला होता की त्याचा बाक तिला डोळे मिटून सांगता आला असता.

"म्हाताऱ्याचं ऑपरेशन कुठे झालं होतं?" तिने विचारलं.

मेलेने पायाखालच्या फरशीकडे बोट केलं. "इथेच."

त्या दिवसानंतर ग्लेंडाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती हिशेबी बाई होती. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या घराण्यातली, देवळा-चर्चकडे न फिरकणारी. पण काय चाललंय ते तिला समजलं होतं, आणि समजल्यावर तिच्या मनात जे पहिलं आलं ते भय नव्हतं. ती आशा होती, आणि तिची तिलाच लाज वाटली.

सव्वीस वर्षांपूर्वी ती एकतीस वर्षांची होती, याच थिएटरात नर्स होती. नोएलीन स्पार्क नावाची तरुण बाई गाडीच्या अपघातात प्लीहा फुटून आली होती. रक्त थांबलं, बाई वाचली. शेवटी मॉप एकोणीस भरले. ग्लेंडाने तसं सांगितलं. सर्जन म्हणाला, तुझ्या मोजणीसाठी मी माणूस टेबलावर सडवू का? बंद करा. ती पुन्हा मोजायला वाकली तेव्हा तो टाके घालायला लागला होता. तिने कागदावर वीस लिहिले आणि खाली सही केली.

सर्जन रॉस होता. आपलीच वाक्यं सात वर्षं बोलत असूनही त्याने ती ओळखली नव्हती.

नोएलीन मेली नाही. तेच ग्लेंडाला सोसवत नसे. ती समुद्रालगतच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, आता निवृत्त होऊनही रोज सकाळी तिथे यायची. ग्लेंडाही तिथेच पोहायची, पण लांबच्या टोकाला. निळ्या टोपीतली ती उंच बाई एका हाताने डावी कूस दाबत पायऱ्या चढते, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. अनेकदा ती तिच्या दिशेने चालत गेली होती आणि दर वेळी पाणी थंड आहे की नाही एवढं बोलून परतली होती.

या वेळी ती तिच्या शेजारी कठड्यावर जाऊन बसली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

नोएलीनने मान वळवली. "तुला कसं कळलं?"

"मी नर्स होते."

"मग तुला सांगायला हरकत नाही. फार जुनं दुखणं आहे. हाताला लिंबाएवढं लागतं. एकदा फोटो काढला, त्यात एक वेडीवाकडी रेघ आली. डॉक्टर म्हणाला, जुन्या टाक्यांची असेल. मग म्हणाला, तुम्ही विचार फार करता." ती हसली. "माझा नवरा पण तेच म्हणायचा. शेवटी तो गेला, दुखणं राहिलं."

ग्लेंडाने तोंड उघडलं. वाऱ्याने पाण्यावर बारीक काटा येत होता. लाट तलावाच्या भिंतीवर फुटली आणि दोघींच्या पायांवर पाणी आलं.

"पुन्हा एकदा दाखव," एवढंच ती म्हणाली. "दुसऱ्या कुणालातरी."

"बघू."

घरी जाताना ग्लेंडाच्या डोक्यात एकच विचार होता. आणखी थोडे दिवस. ते आपोआप बाहेर येईल. मग सांगायची गरजच उरणार नाही.

तिने सराव वाढवले. आठवड्याला दोन होते, त्याचे पाच केले. डार्को कुरकुरला, "पोटं संपतील गं, कारखान्याला काय सांगू?" तिने ऐकलं नाही. रोज ती क्लाइव्हच्या उशाशी उभी राहायची आणि मोजणीच्या वेळी नर्सबरोबर मनात आकडे म्हणायची. बहुतेकदा वीसच भरत. एकदा वाकडी सुई निघाली. एकदा रबरी नळीचा पिवळा तुकडा. ती सगळं खणात ठेवत गेली. तिची झोप उडाली, वजन उतरलं. थिएटरात एकटी असली की तिला टेबलाकडे पाठ करवेना.

सप्टेंबरच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, नर्स म्हणाली, "एकवीस."

या वेळी कुणी हसलं नाही.

हिरवी फीत. ग्लेंडाने तो हातात घेतला. हातमोज्यातूनही तिला जाणवलं. पंपातलं लाल पाणी गार असे. मॉप कोमट होता.

तिने फितीचं टोक चाचपलं. तिथे गाठ होती. तिच्या पहिल्या हेडनर्सने तिला लावलेली सवय, हातात आलेल्या प्रत्येक मॉपच्या फितीला एक गाठ मारायची. त्या हॉस्पिटलात दुसरं कुणी तसं करत नसे.

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोएलीन पायऱ्या चढली ती दोन्ही हात मोकळे ठेवून. ग्लेंडाला बघून तिने लांबूनच हात हलवला.

"अगं, गेलं!" ती ओरडली. "काल दुपारी भांडी घासत होते, एकदम हलकं वाटलं. चाचपते तर गाठ नाही! मी कुणाला दाखवलंसुद्धा नाही. तूच सांग, असं होतं का कधी?"

"होतं कधीकधी," ग्लेंडा म्हणाली.

"तू एवढी गोरीमोरी का झालीस?"

"काही नाही. पाणी थंड आहे."

त्या दिवशी ती चार फेऱ्या जास्त पोहली. सव्वीस वर्षांनी तिला पाण्यात हलकं वाटलं. सांगायचं काही उरलं नव्हतं. घरी येऊन तिने टोस्ट खाल्ले, रजा टाकून दुपारभर झोपली. काचेची पाटी कपाटातून काढून तिने खिडकीत उभी केली.

त्यानंतर तीन आठवडे क्लाइव्हच्या पोटात जास्तीचं काही निघालं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी खोलीत आठ माणसं होती. शिकायला आलेले दोन डॉक्टर आणि दोन नर्स, शिकवायला मेले, यंत्रांवर डार्को, शिवाय रॉस आणि ग्लेंडा. वारा पडला होता. त्याऐवजी एक चिकट उकाडा आला होता आणि खिडक्या उघडून काही उपयोग होत नव्हता. ग्लेंडाने मॉप लपवला नव्हता. वीस दिले होते, वीस यायला हवे होते.

"एकोणीस," नर्स म्हणाली. ती ग्रामीण भागातली शांत मुलगी होती, ब्रॉनविन नावाची.

रॉसला वाटलं, लपवलेला असेल. तो ठरल्याप्रमाणे पुढे आला. "तुझ्या मोजणीसाठी मी माणूस टेबलावर सडवू का? बंद करा!"

"नाही," ब्रॉनविन म्हणाली. तिची नजर हलली नाही. "एक कमी आहे. तो मिळेपर्यंत कुणी टाका घालणार नाही."

"शाबास," रॉस त्याच्या खऱ्या आवाजात म्हणाला. "संपला सराव. ग्लेंडा, काढ बाहेर. कुठे ठेवलायस?"

"मी ठेवलेला नाही."

त्यांनी क्लाइव्हचं पोट पूर्ण उघडलं. फोमचं आतडं हातभर हातभर चाचपलं. कचऱ्याच्या पिशव्या ओतल्या, टेबलाखाली पाहिलं, बुटांचे तळवे पाहिले. डार्कोने सरावासाठी ठेवलेलं फिरतं एक्स-रे यंत्र ओढून आणलं आणि क्लाइव्हचा फोटो घेतला. पडद्यावर काही नव्हतं.

"अरे, खेळणं आहे ते," रॉसने हातमोजे काढले. "मला दोन वाजता खरं ऑपरेशन आहे. चला, काहीतरी खाऊन घ्या."

"थांब," ग्लेंडा म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"नोएलीन स्पार्क," ती म्हणाली. "आठवतं?"

"कोण?"

"सव्वीस वर्षं झाली. हीच खोली. प्लीहा फुटली होती. मॉप एकोणीस भरले होते, मी सांगितलं होतं. तू म्हणालास, तुझ्या मोजणीसाठी मी माणूस टेबलावर सडवू का. मी वीस लिहिले."

रॉसच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला.

"ती माझी वाक्यं होती?"

"शब्द न् शब्द."

"वीस तू लिहिलेस," तो म्हणाला.

"हो. मी लिहिले. ते मी आज दुपारी तिला सांगणार आहे. पण त्याआधी हा विसावा कुठे गेला ते बघू दे." तिने सगळ्यांकडे पाहिलं. खण उघडला आणि एकेक वस्तू टेबलावर ठेवली. मॉप, चिमटा, सुई, नळी, गाठीचा मॉप. "हे सगळं माणसांतून निघून इथे आलं. मेले, तुझा म्हातारा. सांग यांना."

मेलेने चिमटा उचलला, आकडा वाचला आणि परत ठेवला. ती रागावली नाही. तिने नुसता स्वतःचा हात कोटाला पुसला.

"आणि आता इथून एक गेला," ग्लेंडा म्हणाली. "खोलीत आपण आठच होतो."

"तुला सुट्टीची गरज आहे," रॉस म्हणाला. त्याने किल्ल्या उचलल्या. दारातून त्याने एकदा टेबलाकडे वळून पाहिलं. मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली.

बाकीचे टेबलाभोवतीच थांबले.

"एक्स-रेच्या परवानगीवर मी सही करते," मेले म्हणाली. "सगळ्यांचा फोटो घ्यायचा. माझ्यापासून सुरुवात करा."

डार्कोने शिशाचा पडदा लावला. मेले टेबलावर झोपली, क्लाइव्ह असायचा त्याच जागी. पडद्यावर तिचा कणा उमटला, कमरेची हाडं, पोटातल्या हवेचे काळे बुडबुडे. धागा नव्हता. मग ब्रॉनविन. मग दुसरी नर्स. दोन्ही डॉक्टर. डार्कोने ग्लेंडाला बटण दाखवलं आणि स्वतः झोपला. सगळ्यात शेवटी ग्लेंडा. गार टेबलावर आडवी पडून ती छतावरचे दिवे बघत होती. तो आपल्यातच निघावा, असं तिला मनापासून वाटलं.

"स्वच्छ," डार्को म्हणाला.

सात फोटो. सात स्वच्छ.

ग्लेंडाने रॉसला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तो ज्या खाजगी इस्पितळात ऑपरेशनं करायचा तिथल्या थिएटरचा नंबर मेलेने शोधून दिला. पावणेचार झाले होते. फोन एका नर्सने उचलला. तिचा आवाज ग्लेंडाच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी ती इथेच शिकून गेली होती.

"रॉस तिथे आहे का?"

"आहे ना. ग्लेंडा, बरं झालं तू फोन केलास. आज हा विचित्रच वागतोय."

"काय करतोय?"

"साधं ऑपरेशन होतं, पाऊण तासात झालं. मोजणी जुळली. मी दोनदा केली, दुसऱ्या नर्सने एकदा केली. याने स्वतः एकदा केली, आणि हा तर कधी मोजणीला थांबत नाही. फोटो काढला, काही नाही. भूलवाला चिडलाय. पण हा पोट बंद करूच देत नाही. म्हणतो, एक आत राहिलाय. मी म्हटलं, सगळे आहेत, डॉक्टर, बघा ना. तर म्हणे, मला लागतोय."

"लागतोय? कुठे लागतोय?"

नर्स फोन घेऊन बाजूला सरली. मागे यंत्राचा संथ ठोका ऐकू येत होता.

"तेच सांगत होते," तिने आवाज खाली आणला. "पेशंटच्या पोटाला तो हातच लावत नाहीये. स्वतःचंच दाबून बघतोय."